पाकिटावरचा पत्ता
इंटरनेट पुरवठादार कंपनी आणि व्यापारी कुटुंबाची खासगी माहिती

जुन्या पेढ्यांत पत्रव्यवहाराला फार जपत असत. पेढ्यांची महाजनी लिपी काना-मात्रा गाळून लिहिली जाई. पेढीत वाढलेल्या मुनिमाखेरीज इतरांस ती नीट वाचता येत नसे. महत्त्वाच्या पत्रावर लाखेची मोहर बसे आणि मजकूर फारच नाजूक असेल तर तो टपालात न टाकता घरच्या विश्वासू माणसाच्या हाती दिला जाई. तार करावयाची वेळ आली की सावधगिरी आणखी वाढे. तारेचा प्रत्येक शब्द तारमास्तर वाचणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून भाव, माल व रक्कम यांसाठी अगोदर ठरविलेले सांकेतिक शब्द वापरण्याची रीत व्यापारी जगात पडली. तारमास्तर अप्रामाणिक असतो असे कोणाचेही म्हणणे नव्हते. ज्याला आपल्या व्यापाराची बातमी कळण्याचे कारण नाही त्याला ती कळू नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले होते. आज भंडारा, तुमसर, पवनी, साकोली किंवा लाखनी येथील कोणत्याही पेढीचा दिवस इंटरनेटवाचून उगवत नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेची उलाढाल, धानाच्या भरडाईची कागदपत्रे, पितळी भांड्यांची मागणी हे सारे एकाच तारेतून जाते. दुकान खाली आणि घर वर असेल तर त्याच तारेतून मुलांचा अभ्यास, सूनबाईंची खरेदी आणि आजींच्या औषधांची चौकशीही जाते. हा सारा व्यवहार ज्याच्या हातून पुढे सरकतो तो नवा तारमास्तर म्हणजे इंटरनेट पुरवठादार कंपनी. ती डोळ्यांसमोर नसल्यामुळे तिचा आपल्याला विसर पडला आहे. तिला आपले नेमके काय दिसते आणि आपण काय झाकून ठेवू शकतो, हे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

पुरवठादाराला काय दिसते?

प्रथम दिलासा देणारी गोष्ट. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतात, त्याच्याशी होणारा व्यवहार कुलूपबंद असतो. बँकेचा सांकेतिक शब्द, खात्यातील शिल्लक, विवरणपत्रातील आकडे यांपैकी काहीही पुरवठादार कंपनीला वाचता येत नाही. आज बहुतेक सर्व नावाजलेली संकेतस्थळे अशीच आहेत. म्हणजे पाकिटातील पत्र सुरक्षित आहे.

पाकिटावरचा पत्ता मात्र उघडा असतो, आणि तो एकाहून अधिक मार्गांनी दिसतो. संकेतस्थळाचे नाव आपण अक्षरांत लिहितो, परंतु यंत्रांना आकड्यांतील पत्ता लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी जी वही आहे तिला ‘डीएनएस’ म्हणतात. आपण स्वतः काही बदल केला नसेल तर ही वही बहुधा पुरवठादार कंपनीचीच असते. याचा अर्थ असा की नवे संकेतस्थळ उघडताना ‘अमुक बँकेचे घर कोठे आहे?’ हे आपण कंपनीलाच विचारत असतो, आणि हा प्रश्न सहसा कुलूप न लावता विचारला जातो. पुढे त्या संकेतस्थळाशी पहिली ओळख होतानाही त्याचे नाव बहुधा उघडपणे उच्चारले जाते. याशिवाय कोणत्या वेळी जोडणी झाली, किती वेळ टिकली आणि किती माहिती गेली-आली हेही कंपनीला दिसते.

‘नुसत्या पत्त्यांवरून काय कळणार?’ असे वाटणे साहजिक आहे. समजा, एका घरातून रात्री अकरा वाजता कर्करोग रुग्णालयाचे संकेतस्थळ उघडले गेले. दुसऱ्या दिवशी आरोग्यविमा कंपनीचे. आठवड्याने मालमत्ता तारण ठेवून कर्ज देणाऱ्या संस्थेचे. महिन्याने दुकानांचे गाळे विकण्याचे. एकही पत्र फोडले गेले नाही, तरी त्या घरावर काय प्रसंग आला आहे हे कोणालाही सांगता येईल. आपल्या व्यापारात उधारी माणसाच्या नावावर चालते. कागद नंतर येतो, आधी पत येते. त्या पतीला अर्धवट बातमीचा वारा लागला तर जो घेणेकरी सहा महिने थांबणार होता तो आठवड्यात दाराशी उभा राहतो. घरातील आजारपण, भावांतील वाटणीची बोलणी, मुलीच्या स्थळाची चौकशी, नव्या धंद्याची जुळवाजुळव या गोष्टी योग्य वेळी, योग्य माणसाला, आपल्या तोंडून कळाव्यात असे प्रत्येक कुटुंबाला वाटते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. ब्राउझरमधील ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली की आपण कोणालाच दिसत नाही, असे अनेक तरुणांना वाटते. त्या खिडकीमुळे फक्त आपल्याच यंत्रावर शोधाचा इतिहास उरत नाही. पुरवठादार कंपनीला पत्ते पूर्वीप्रमाणेच दिसतात. दुसरा गैरसमज ज्येष्ठांचा. साधा एसएमएस त्यांना खासगी वाटतो आणि व्हॉट्सॲप उघडे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. व्हॉट्सॲपवरील मजकुराला एप्रिल २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत कुलूप असते. त्यातील शब्द दूरसंचार कंपनीला वाचता येत नाहीत. साधा एसएमएस मात्र कंपनीच्या यंत्रणेतून जुन्या तारेसारखा उघडाच जातो.

घडलेली उदाहरणे

ही भीती केवळ कल्पनेतील नाही. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका संगणकतज्ज्ञाला असे आढळले की एअरटेलच्या थ्री-जी जोडणीवरून स्वतःचेच संकेतस्थळ उघडले असता त्या पानात त्याने न लिहिलेल्या संगणकीय ओळी वाटेत घातल्या जात होत्या. ग्राहकांना आपला डेटा-वापर कळावा यासाठीची ती चाचणी होती, असे कंपनीने सांगितले. ही गोष्ट प्रसिद्ध करणाऱ्या त्या तज्ज्ञाला मात्र हे तंत्र पुरविणाऱ्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीची कायदेशीर नोटीस आली. ज्या पानाला कुलूप नाही ते वाटेत वाचता येते, इतकेच नव्हे तर बदलताही येते, हा त्यातील धडा.

अमेरिकेत व्हेरायझन कंपनी आपल्या मोबाईल ग्राहकांच्या इंटरनेट-व्यवहारावर एक ओळखचिन्ह चिकटवीत असे. ते पुसण्याची सोय ग्राहकाकडे नव्हती. मार्च २०१६ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने या प्रकरणी साडेतेरा लाख डॉलरचा दंड वसूल केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने सहा मोठ्या पुरवठादारांच्या कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला. ग्राहकांना वाटते त्याहून कितीतरी अधिक माहिती या कंपन्या गोळा करतात आणि निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र जोडतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

कंपनीचा हेतू स्वच्छ असला तरी साठविलेली माहिती चोरीस जाण्याचा धोका असतोच. मे २०२४ मध्ये बीएसएनएलच्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचा इशारा देशाच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ‘सर्ट-इन’ने, दिला. तपासात एका सर्व्हरवर नमुन्याशी जुळणारी माहिती आढळल्याचे सरकारने जुलै २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले.

कायदा कोठवर पोहोचतो?

दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. त्यानुसार कंपन्यांना ग्राहकांच्या फोनच्या व इंटरनेट-जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. गुन्ह्यांच्या तपासासाठी अशा नोंदी लागतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळेच, आपली वही कोठेतरी लिहिली जात आहे हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नागरिकाच्या बाजूनेही बरेच काही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले न्या. शरद बोबडे होते. याच निर्णयाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका व्यावसायिकाचे दूरध्वनी ऐकण्याबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेले तीन आदेश रद्द केले. त्याच्यावर बँक अधिकाऱ्यास लाच दिल्याचा आरोप होता. तरीही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून कोणाचे संभाषण ऐकता येणार नाही, असे न्यायालयाने ठणकावून सांगितले. आरोपीलाही जो हक्क आहे तो सरळमार्गी गृहस्थाला आहेच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. माहिती कशासाठी घेतली हे सांगणे, संमती घेणे आणि ती सुरक्षित ठेवणे हे कंपन्यांचे कर्तव्य ठरले. सुरक्षिततेत कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि दंड होतो तो बातमी फुटल्यानंतर. म्हणून कायद्यावर विसंबून न राहता आपले दार आपणच लावून घेणे शहाणपणाचे.

आपल्याला लपविण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न सभ्य माणसे हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर सभ्यपणे दिले पाहिजे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. शेतमालाच्या सौद्यात अशा छुप्या व्यवहाराने शेतकरी नाडला जातो, म्हणून बाजार समित्यांनी उघड लिलावाचा नियम आणला. तो योग्यच होता, कारण सौद्यातील एका पक्षापासून भाव लपविणे ही फसवणूक आहे. जो सौद्यातच नाही त्याला आपला भाव न सांगणे ही मात्र व्यवहाराची मर्यादा आहे. सरकारला जे विवरण द्यावयाचे ते पूर्ण द्यावे, बँकेला ताळेबंद खरा दाखवावा, भागीदारापासून खतावणी दडवू नये. इंटरनेटची तार जोडून देणारा या तिघांपैकी कोणीही नाही. त्याचा हक्क महिन्याच्या बिलापुरता आहे.

लहान शहरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मुंबई-पुण्यात तार जोडणारा अनोळखी असतो. आपल्याकडे तो बहुधा ओळखीचा असतो, कधी आपलाच गिऱ्हाईक, कधी आपल्याच गल्लीतला. त्याच्यावर अविश्वास दाखविणे अवघड वाटते, म्हणून राउटरचा सांकेतिक शब्द त्याने बसविला तोच वर्षानुवर्षे चालतो. तिजोरी बनविणारा कारागीर कितीही सज्जन असला तरी किल्ली आपण स्वतःकडेच ठेवतो, आणि त्याचे त्यालाही वाईट वाटत नाही.

घरी व पेढीत करावयाची कामे

राउटरपासून आरंभ करावा. राउटरला दोन सांकेतिक शब्द असतात: एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या आतील व्यवस्थेचा. पहिला बहुतेकांना ठाऊक असतो. दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो आणि अनेकदा तो कोणालाही तर्काने सांगता येण्यासारखा असतो. दोन्ही बदलावेत, लांब ठेवावेत आणि चोपडीत लिहून तिजोरीत ठेवावेत. अनेक ठिकाणी राउटर कंपनीच्या मालकीचा असतो आणि कंपनी तो दुरूनही हाताळू शकते. अशा वेळी त्याच्यापुढे स्वतःचा एक राउटर बसवून पेढीची व घरची यंत्रे त्यावर जोडणे अधिक चांगले.

त्यानंतर ब्राउझर. क्रोममध्ये ‘नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा’ अशी सोय आहे. फायरफॉक्समध्ये ‘केवळ एचटीटीपीएस’ ही निवड आहे. ती चालू केली की कुलूप नसलेले संकेतस्थळ उघडण्यापूर्वी यंत्र आपल्याला सावध करते. अशा पानावर कोणतीही माहिती भरू नये.

तिसरे काम डीएनएसचे, आणि थोड्या श्रमात सर्वाधिक लाभ देणारे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासूनच्या फोनांत, ‘सेटिंग्ज’मधील नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही निवड असते. तेथे गूगल, क्लाउडफ्लेअर किंवा क्वाड-नाइन यांपैकी एका संस्थेचा पत्ता भरता येतो. गूगलचा पत्ता ‘डीएनएस डॉट गूगल’ असा आहे. तो रोमन अक्षरांत लिहावा. आयफोनवर क्लाउडफ्लेअरचे ॲप घेऊन हेच करता येते, आणि संगणकावर ब्राउझरमधील ‘सुरक्षित डीएनएस’ ही निवड चालू करता येते. यानंतर पत्ता विचारण्याचा प्रश्नही कुलूपबंद होतो. एक गोष्ट मात्र विसरू नये: वही आता पुरवठादाराऐवजी त्या संस्थेच्या हाती गेली. शिवाय पहिल्या ओळखीच्या वेळी उच्चारले जाणारे नाव अजून बहुतेक ठिकाणी उघडेच राहते. हा उपाय पडदा आहे, भिंत नव्हे.

भिंत हवी असेल तर व्हीपीएन. यात आपला सर्व व्यवहार एका बंद बोगद्यातून व्हीपीएन कंपनीकडे जातो आणि तेथून पुढे. पुरवठादाराला एवढेच दिसते की बोगदा चालू आहे. पण मग बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला जो बसला आहे त्याला सर्व पत्ते दिसतात. म्हणून फुकटच्या व्हीपीएनपासून दूर राहावे. फेसबुकने ‘ओनावो प्रोटेक्ट’ नावाचे असेच फुकट ॲप सुरक्षिततेच्या नावाखाली लोकांना दिले आणि त्यातून लोक कोणती ॲप वापरतात याची माहिती स्वतःच्या धंद्यासाठी घेतली. याबद्दल जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्या देशात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते व ओळख पाच वर्षे जपण्याचे बंधन घातले, त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलविले. संस्थांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला हे बंधन नाही. भंडाऱ्याच्या मुख्य दुकानातील हिशेब तुमसरच्या शाखेतून पाहावयाचा असेल तर जाणकाराकडून पेढीचा स्वतःचा व्हीपीएन बसवून घेणे हा त्याचा सर्वोत्तम उपयोग. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात फुकटच्या वाय-फायवरून बँकेचे काम करण्यापेक्षा आपल्या मोबाईलचा डेटा वापरावा.

नवी जोडणी घेताना अनेकदा आधारची प्रत मागितली जाते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. जेथे ती चालते तेथे तीच द्यावी. कागदी प्रतीवर ‘अमुक कंपनीच्या इंटरनेट जोडणीसाठी’ असे लिहून तारीख घालून सही करावी, म्हणजे ती दुसरीकडे वापरणे अवघड होते. भावाची बोलणी, खाते क्रमांक व घरगुती मजकूर साध्या एसएमएसने पाठवू नये.

आपणही कोणाचे तरी पुरवठादार

अखेरची गोष्ट आपल्या स्वतःच्या वागणुकीची. आजकाल कापड दुकानात, सराफी पेढीत गिऱ्हाइकांसाठी वाय-फाय खुले ठेवतात. गिरणीतील कामगारही मालकाच्याच वाय-फायवर असतात. अशा वेळी त्यांच्या पाकिटावरचे पत्ते आपल्या राउटरमधून जातात. बिल करताना घेतलेले शेकडो मोबाईल क्रमांक आपल्या संगणकात साठलेले असतात. जी मर्यादा आपण पुरवठादार कंपनीने पाळावी असे म्हणतो ती आपणही पाळली पाहिजे. गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट’ वाय-फाय वेगळे ठेवावे, म्हणजे पेढीची यंत्रे आणि त्यांचे फोन एकमेकांस दिसत नाहीत. नोकराने किंवा सुनेने फोनवर काय पाहिले याचा शोध राउटरमधून घेऊ नये. मुलांबाबत काही नियम असतील तर ते त्यांना समोर बसवून सांगावेत. गिऱ्हाइकाचा क्रमांक ज्या कामासाठी घेतला त्याखेरीज वापरू नये आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊ नये.

ही सारी कामे मिळून एका रविवारच्या दोन तासांची आहेत. घरातील शिकत्या मुला-मुलींवर ती सोपवावीत. ज्येष्ठांनी शेजारी बसून प्रत्येक फोनवर काय बदलले ते पाहावे आणि दोन्ही सांकेतिक शब्द स्वतःच्या हाताने चोपडीत लिहावेत. पुढच्या दिवाळीत नवी चोपडी घालताना ते एकदा बदलावेत.